शिधा आणि साधन : किनाऱ्यावरील अपंगांच्या साहाय्याविषयीं निवेदन

उदार आश्रयदात्यांस सविनय विनंति कीं, समितीच्या अहवालाचा हा भाग हिशेबाचा नसून खुलाशाचा आहे. यंदाच्या जमाखर्चांत ‘अपंगांस साहाय्य’ या सदराखालीं धान्य व कांबळीं यांवरील खर्च कमी झालेला, आणि सुतार, लोहार, गवंडी व प्रवासभाडें यांवरील खर्च वाढलेला दिसेल. तें पाहून एका वजनदार व्यापारी सद्गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें कीं, आंधळ्यापांगळ्यांच्या तोंडचा घास काढून तो सुताराच्या पदरीं घालण्याचा अधिकार समितीस कोणीं दिला? प्रश्न रोखठोक आहे, आणि ज्यानें पैसा दिला त्यानें तो विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर दोन ओळींत देण्यासारखें नाहीं, म्हणून हीं पानें खर्चीं घातलीं आहेत.

सरकारी कागदोपत्रीं आतां ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. आम्हीं येथें जुनाच शब्द ठेविला आहे, कारण ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांच्यापैकीं बहुतेकजण बोलतांना तोच वापरतात. नांवाविषयीं त्यांचा आमच्याशीं कधीं वाद झाला नाहीं. धक्क्याच्या पायऱ्यांविषयीं मात्र पुष्कळदां झाला.

संकटाच्या वेळीं अपंगास कोणत्या खात्यांत घालावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमिलेल्या आयोगानें १८८० सालीं अहवाल दिला, व त्यावरून पुढें प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम तयार झाले. त्या नियमांचा पाया एका विभागणीवर होता. जो खडी फोडूं शकतो, माती वाहूं शकतो, त्यास काम व कामाप्रमाणें मजुरी द्यावयाची. आणि जो अंध, पंगु, जराजर्जर किंवा रोगग्रस्त असून ज्यास पोसणारें कोणी नाहीं, त्याचें नांव गांवाच्या यादींत घालून त्यास फुकट शिधा द्यावयाचा. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या मनुष्यासाठीं ही व्यवस्था योग्यच होती. तिनें पुष्कळ जीव वांचविले, आणि तिला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. दोष पुढचा आहे. दुष्काळ सरला, याद्या जळल्या, परंतु ती विभागणी लोकांच्या मनांत राहिली. खडी फोडतां येत नाहीं तो कांहींच करूं शकत नाहीं, असा समज रूढ झाला. आणि आमच्यासारख्या समित्यांनीं वर्षानुवर्षें कांबळें वाटून तो समज पक्का केला.

पुढच्या एका दुष्काळांतून उलट दिशेचेंहि एक उदाहरण निघालें आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ, जो संवत् १९५६ मध्यें पडल्यामुळें गुजराथी व मारवाडी व्यापारी मंडळींत ‘छप्पनिया’ म्हणून अद्याप स्मरणांत आहे, त्यांत अनाथ झालेलीं अंध मुलें मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आलीं. त्यांस नुसतें जेवूं घालून थांबणें कठीण नव्हतें. परंतु मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं त्यांच्याकरितां शाळा काढली, व तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून नांवारूपास आली. भाकरी तर दिलीच, पण भाकरीपाशीं गोष्ट संपूं दिली नाहीं.

आतां आमच्या किनाऱ्याकडे वळूं. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळें, दिवेआगर या पट्ट्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या, घरांचीं कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब पडून कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. साथीच्या टाळेबंदीमुळें एस. टी. अगोदरच बंद होती. ज्या बागाइतदारांनीं तो दिवस पाहिला त्यांस आम्हीं अधिक सांगावयास नको. पोफळीचें रोप लाविल्यापासून फळ हातीं येईपर्यंत पांच-सात वर्षें जातात. त्यामुळें त्या एका दुपारचा हिशेब आजहि पुरता मिटलेला नाहीं.

त्या वेळीं शिध्याचीं पोतीं घेऊन आम्ही श्रीवर्धन बाजूच्या एका गांवीं गेलों असतां जें पाहिलें, तेथून आमचा विचार बदलूं लागला. वादळाच्या आदल्या दिवशीं किनाऱ्यालगतच्या लोकांस शाळेच्या पक्क्या इमारतींत हलविण्यांत आलें होतें. एक मध्यम वयाची बाई, जिचे दोन्ही पाय लहानपणीं पोलिओनें गेलेले आहेत, तिला दोघा भावांनीं उचलून शाळेंत नेलें. शाळेस पांच पायऱ्या होत्या, आणि शौचकूप अंगणाच्या पलीकडे. दोन दिवस व दोन रात्री त्या बाईनें पाणी पिणें टाळिलें. कां, तें कोणीं विचारिलें नाहीं व तिनें सांगितलें नाहीं. पुढें सहा महिन्यांनीं आमच्यांतील एका भगिनीपाशीं ती बोलली. आम्हीं तिला शिधा दिला होता, तोहि इतरांच्या अगोदर, आणि आपण मोठी दया केली अशा समाधानांत परत आलों होतों.

याहूनहि मोठी गोष्ट पुढें कळली. ती बाई वादळापूर्वीं कोणाच्या उपकारावर जगत नव्हती. असोली सुपारी घरीं आणून ती बसल्या जागीं सोलीत असे व वजनावर मजुरी घेत असे. वाड्या पडल्या तेव्हां तिचें कामच गेलें. बागाइतदाराच्या नुकसानीचा पंचनामा झाला, होडीवाल्याच्या नुकसानीची नोंद झाली. हिच्या रोजगाराची नोंद कोठेंच झाली नाहीं, कारण आमच्या यादींत ती ‘निराधार अपंग’ होती. जिचा धंदा आहे असें आम्हांस ठाऊकच नव्हतें, तिचा धंदा बुडाला हें आम्हांस कसें कळावें? आमच्या अहवालांतील सर्वांत मोठी चूक कोणती असें कोणी विचारील तर आम्ही या नोंदीकडे बोट दाखवूं.

तेव्हांपासून आम्हीं गांवोगांवचे आमचे कागद पुन्हां तपासले, आणि प्रत्येक नांवापुढें ‘काय होत नाहीं’ याऐवजीं ‘काय करतो’ असें लिहिण्याचा परिपाठ ठेविला. त्यांतून जें निघालें तें व्यापारी वर्गास विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. कोळीवाड्यांत दृष्टि गेलेला एक वृद्ध गृहस्थ फाटकीं जाळीं सांधतो. जाळ्याचा आंस किती आहे हें तो बोटांनीं असें ओळखतो कीं डोळस माणसानें मापपट्टी लावूनहि तितकी खात्री देऊं नये. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे रेखाटण्याचें अति नाजूक काम असतें. तेथें कानानें ऐकूं न येणें हें यत्किंचितहि व्यंग नव्हे. काथ्या वळणें, सुकी मासळी निवडणें, काजू सोलणें, किराणा दुकानाचा गल्ला संभाळणें, हीं सर्व बसून करावयाचीं कामें आहेत. किनाऱ्याच्या धंद्यांत पायांपेक्षां हातांस काम अधिक आहे. मग अडचण कोठें येते? कामाच्या जागेपर्यंत पोंचण्यांत, कच्चा माल घरीं येण्यांत, आणि दर ठरविण्यांत.

दराविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. डोळसाकडून जाळें सांधून घेतलें तर एक दर, आणि आंधळ्याकडून घेतलें तर त्याहून कमी, व वर ‘त्यास काम दिलें’ हें पुण्य, असा व्यवहार आम्हीं पाहिला आहे. जाळें तेंच, गांठी त्याच. आश्रयदात्यांपैकीं कोणी असें करीत असतील असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यांचे मुनीम करीत असल्यास त्यांस माहिती असावी, एवढ्याचसाठीं हें लिहिलें.

पोंचण्याची गोष्ट भूमीच्या स्वरूपाशीं निगडित आहे, व बाहेरच्या दात्यांस ती समजावून सांगितली पाहिजे. येथें समुद्राकडे पुळण, खाडीकडे चिखल, मध्यें भाताचे बांध, आणि वर जांभ्या दगडाच्या पाखाड्या. शहरांतील गुळगुळीत फरशीसाठीं केलेली चाकांची खुर्ची येथें चार पावलेंहि जात नाहीं. तिचीं पुढचीं लहान चाकें वाळूंत रुततात. खाऱ्या हवेनें लोखंड गंजतें. आम्हीं स्वतः एका वर्षीं हातानें चालविण्याच्या तीनचाकी गाड्या समारंभपूर्वक वांटल्या, वर्तमानपत्रांत छायाचित्र आलें, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांतील बऱ्याच गाड्या पडवींत कोंबड्यांच्या कामीं आल्या. कारण सांखळी व छर्रे गंजले आणि दुरुस्त करणारा कोणी जवळपास नव्हता. त्याच उत्साहांत आम्हीं एका मुलीस शिवणयंत्र दिलें, तें पायानें चालविण्याचें. तिचे पायच चालत नव्हते. तिनें आभार मानिले व यंत्र भावजयीस दिलें. पुढें तिला हातानें फिरविण्याचें यंत्र दिलें. त्यावर ती आज शाळेच्या गणवेशांचीं कामें घेते. साधन देतांना ज्यास द्यावयाचें त्यास आधीं विचारावें, ही साधी गोष्ट शिकण्यास आम्हांस दोन हंगाम लागले.

विचारून केलेलें साधन कसें असतें याचें उत्तम उदाहरण म्हणजे जयपूरचा पाय. परदेशी नमुन्याचा लांकडी पाऊल असलेला पाय बुटांत घालण्यासाठीं केलेला असे. त्यानें उकिडवें बसतां येत नसे, मांडी घालतां येत नसे, आणि चिखलपाण्यांत तो नासत असे. जयपूर येथील कुशल कारागीर रामचंद्र शर्मा व शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास रबराचें असें पाऊल सिद्ध केलें कीं तें अनवाणी चालतें, पाण्यानें बिघडत नाहीं, व घोट्यांत लवतें. भाताच्या खाचरांत उभें राहाणाऱ्या माणसास याचें मोल काय आहे तें बागाइतदारांस सांगावयास नको. डॉ. सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तथापि हा पाय देखील झिजतो, आणि मांडीच्या खोबणीचें माप वाढत्या वयाबरोबर बदलतें. म्हणून आमच्या हिशेबांत ‘प्रवासभाडें’ हें कलम आहे : बसविण्यास एकदां आणि दुरुस्तीस पुन्हां पुन्हां मुंबईस जावें लागतें.

प्रवासाचा उल्लेख निघाला म्हणून एक लहानशी गोष्ट सांगतों. मुंबईस जाणारा किनाऱ्यावरचा मनुष्य पूर्वीपासून लाँचनें जातो. भरतीओहोटीप्रमाणें लाँच वरखालीं होते, आणि धक्का व लाँच यांमधील फटीवरून पाऊल टाकावें लागतें. चाकाच्या खुर्चीवरील माणसास खलाशांनीं गोणीसारखें उचलून आंत घ्यावें लागतें. मार्च २०२० मध्यें भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. तिचा उतार मोटारींसाठीं केलेला आहे. अपंगांचा विचार करून नव्हे. पण ज्या फळीवरून मोटार जाते तिच्यावरून खुर्चीहि जाते! श्रीमंतांच्या गाड्यांसाठीं झालेली सोय गरिबाच्या चाकास आपोआप मिळाली. दिघी-आगरदांडा व बागमांडला-वेसवी येथील फेरीबोटींचेंहि तसेंच. उतार बांधणें अशक्य आहे असें जेव्हां आम्हांस सांगण्यांत येतें तेव्हां आम्ही या बोटींकडे बोट दाखवितों.

कायदा काय म्हणतो तेंहि थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळ दात्यांचा समज असा कीं हें सर्व सरकारचें काम असून सरकार करीतच असेल. १९९५ सालीं या विषयावर पहिला मोठा कायदा झाला. त्याच्या जागीं २०१६ चा कायदा आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. त्यांत अपंगत्वाचे २१ प्रकार मानिले असून सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि शेतजमीन व घरांच्या वाटपांत ५ टक्के जागा राखून ठेविल्या आहेत. आपल्या राज्यांत ग्रामपंचायतींनीं स्वतःच्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम अपंगांवर खर्च करावयाची आहे, व ३ डिसेंबर २०२२ पासून या कामासाठीं स्वतंत्र खातेंहि उघडलें आहे. नियम झाल्यापासून पांच वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदत कायद्यानें घातली होती. ती २०२२ सालीं उलटून गेली, आणि वर सांगितलेल्या शाळेच्या पांच पायऱ्या आम्हीं मागल्या महिन्यांत पुन्हां मोजल्या, त्या पांचच आहेत. दुष्काळी नियमांच्या उलट, २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्याखालील सूचनांत अपंगांस यादींतून न वगळतां त्यांस जमतील अशीं कामें नेमून द्यावीं, जसें मजुरांस पाणी पाजणें, मुलें संभाळणें, असें स्पष्ट लिहिलें होतें. कागद चांगले आहेत. पण त्यांचा लाभ घेण्यास दाखला लागतो, दाखल्यास जिल्ह्याच्या गांवीं जावें लागतें, आणि जाण्यास जें लागतें तेंच तर त्या माणसापाशीं नसतें.

२०११ च्या शिरगणतींत देशांत अपंगांची संख्या २ कोटि ६८ लक्ष भरली. त्यांपैकीं सुमारें १ कोटि ८६ लक्ष खेड्यापाड्यांत राहातात. महाराष्ट्रांत ती २९ लक्षांहून अधिक होती. देशांतील अपंगांपैकीं कामधंदा करणारे सुमारें ३६ टक्के निघाले, आणि स्त्रियांत तर २३ टक्केच. या आंकड्यांत आमची सुपारी सोलणारी बाई मोजली गेली असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

हें सर्व होऊं शकतें काय, असा शेवटचा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. होऊं शकतें, कारण झालें आहे. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून आनंदवन वसविलें. ज्यांस गांवानें बाहेर काढलें होतें त्यांनीं तेथें खडकाळ जमिनींत विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणलें. १९५१ सालीं त्याचें उद्घाटन विनोबांच्या हस्तें झालें, आणि विनोबांचें जन्मग्राम गागोदें आपल्याच पेण तालुक्यांतलें. पनवेलजवळ नेरें येथील शांतिवनांत कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचें काम आपल्याच जिल्ह्यांत चाललें आहे. सावित्रीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यांत घराडी येथें अंध मुलांची स्नेहज्योति शाळा आहे. आणि ज्या उदाहरणाचा आमच्या कामाशीं सर्वांत निकट संबंध आहे तें नसीमा हुरजूक यांचें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीर निश्चेष्ट झालेल्या या बाईंनीं सरकारी अबकारी खात्यांत नोकरी केली, १९८४ सालीं कोल्हापुरांत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि पुढें सिंधुदुर्गांत अपंगांस रोजगार देणारा काजूचा कारखाना काढला. तेथील माल दयेपोटीं विकत घ्यावयाचा नसतो. काजू इतर काजूंसारखाच असतो. आम्हांस हेंच विशेष वाटतें.

आतां मागणें. धान्य आम्हीं बंद केलेलें नाहीं व करणार नाहीं. ज्याच्या हातून खरोखर कांहीं होत नाहीं, किंवा ज्याचें काम संकटानें बुडालें आहे, त्यास तें मिळेल, आणि पुढील वादळांत अशा कामाची नोंद होडी व बागेच्या नोंदीबरोबरच होईल. तसा रकाना आम्हीं छापून घेतला आहे. परंतु वाडीच्या मालकांस विनंति कीं, सोलण्याची असोली सुपारी अपंगांच्या घरीं पोंचवावी व वजन तेथेंच करावें. नवीन लावलेल्या पोफळी आतां कोठें कोठें धरूं लागल्या आहेत, तेव्हां हंगामाच्या आधींच ठरविलेलें बरें. दुकानदारांस विनंति कीं, ओट्याची एक बाजू उताराची करावी. दोन गोणी सिमेंट व एका गवंड्याचा दिवस यांहून त्यास अधिक लागत नाहीं, आणि हमालाची हातगाडीहि त्यावरून चढते. ज्यांची बाजारपेठेंत तळमजल्याची खोली रिकामी असेल त्यांनीं ती दुरुस्तीच्या कामासाठीं पावसाळ्यापुरती तरी द्यावी. जाड रबरी टायरांचीं चाकें, न गंजणारे छर्रे, हातानें चालणारीं शिवणयंत्रें हीं वस्तुरूपानें दिलीं तरी चालतील. मात्र पाठविण्यापूर्वीं कोणास कोणतें पाहिजे तें समितीस विचारावें, नाहींतर पुन्हां पडवींत कोंबड्या बसतील.

प्रत्येक रकमेची व वस्तूची पावती नेहमींप्रमाणें मिळेल. श्रीवर्धन बाजूस चाकाच्या खुर्च्या व तीनचाकी दुरुस्त करूं शकेल असा एखादा कारागीर पाहिजे आहे. तो स्वतः अपंग असल्यास त्यास प्राधान्य दिलें जाईल. कोणाच्या माहितींत असल्यास भातलावणीपूर्वीं कळविण्याची कृपा करावी.